कॉर्पोरेशन कुणाचे आणि खुर्ची कुणाची?

वाचकहो, करंजाड्यात जाऊन तुम्ही नुसते ‘कॉर्पोरेशन’ म्हणालात तर ऐकणारा आधी विचारील, “कुठलं?” एकाच्या मनात सिडको असते. दुसऱ्याच्या मनात पनवेलची महानगरपालिका असते, जी करंजाड्यात नाहीच. तिसऱ्याला वाटते, विमानतळाच्या कंपनीबद्दल बोलणे चालले आहे. तिघांचेही चुकत नाही, कारण इंग्रजीत या तिन्हींना एकच शब्द चालतो. आपल्या मराठीने मात्र इथे शहाणपण दाखवले आहे. सरकारने काढलेले ते महामंडळ, मतांनी निवडलेली ती महानगरपालिका आणि नफ्यासाठी काढलेली ती कंपनी.

त्यात आता ‘कॉर्पोरेटिझम’ या आणखी एका शब्दाची भर पडली आहे. हल्ली सभेत कुणीही ठोकून देतो की सरकारात कॉर्पोरेटिझम शिरला. सांगणाऱ्याला म्हणायचे असते की सरकार बड्या कंपन्यांच्या खिशात गेले. तक्रार खरी असेल किंवा नसेल, पण तिचे नाव ते नव्हे. तिला सरळ कंपनीशाही म्हणा. तो अनुभव आपल्याला नवा नाही. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४० मध्ये खालसा झाले. त्यानंतर या मुलखाने ‘कंपनी सरकार’ प्रत्यक्ष सोसले. तेव्हा राज्य करणारीच कंपनी होती.

कॉर्पोरेटिझम ही चीज वेगळी आहे. कॉर्पोरेशन म्हणजे एक संस्था. कॉर्पोरेटिझम म्हणजे राज्यकारभाराच्या पंगतीला कुणी कोणत्या नात्याने बसायचे, त्याची एक रीत. ज्याची जमीन गेली, ज्याच्या नळाला पाणी नाही, त्याने हा फरक समजून घेतला पाहिजे. नाहीतर मोर्चा एका दाराशी जातो आणि निर्णय दुसऱ्याच खोलीत होतो.

कायद्याने घडवलेला देह

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ देह, शरीर. दहा-वीस माणसे एकत्र आली आणि कायद्याने त्यांना मिळून एक देह मानले, की झाले कॉर्पोरेशन. त्या देहाच्या नावावर जमीन चढते, त्याच्यावर दावा लावता येतो, तो दुसऱ्यावर दावा लावतो. आतली माणसे बदलली, मेली, तरी देह चालूच राहतो. गंमत म्हणजे करंजाड्याची ग्रामपंचायतसुद्धा या अर्थाने असाच देह आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने प्रत्येक पंचायतीला तसा दर्जा दिलेला आहे. म्हणजे सरपंचाच्या टेबलावरचा तो गोल शिक्का हासुद्धा एका कॉर्पोरेशनचाच बरं का!

पण देह सगळे सारखे नसतात. त्याचा मालक कोण आणि त्याचा कान धरणारा कोण, हे बघावे लागते.

सिडकोचेच घ्या. शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ हे तिचे पूर्ण नाव. १७ मार्च १९७० रोजी कंपनी कायद्याखाली तिची नोंदणी झाली. सुरुवातीचे भांडवल ३.९५ कोटी रुपये. म्हणजे कागदोपत्री ती कंपनी आहे, फक्त तिचा मालक राज्य सरकार आहे. पण १९६६ च्या नगररचना कायद्यात अशी सोय आहे की सरकारच्या मालकीच्या कंपनीला नवनगराचे प्राधिकरण नेमता येते. त्या सोयीने १९७१ मध्ये सिडकोच्या हाती ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतल्या ९५ गावांचा, साधारण ३४४ चौरस किलोमीटरचा मुलूख गेला. नकाशा तिने काढायचा, बांधकामाची परवानगी तिने द्यायची, रस्ता आणि पाणी तिने द्यायचे, आणि प्लॉटही तिनेच विकायचे. एरवी आपण ज्याला सरकार म्हणतो त्यातले बरेचसे काम एका कंपनीकडे आले. सरकारने शेतकऱ्याकडून जमीन संपादन करून तिला दिली आणि ती विकून आलेल्या पैशातून शहर उभे राहावे, असा हिशेब होता.

आता करंजाड्यातला माणूस या कंपनीला कसे विचारणार? तिच्या संचालक मंडळासाठी तो मत देत नाही. अध्यक्ष सरकार नेमते, व्यवस्थापकीय संचालक हे सनदी अधिकारी असतात. २०१८ मध्ये पनवेलचेच आमदार तिचे अध्यक्ष झाले, तेव्हा अनेकांना वाटले की आता सिडको आपली झाली. पण ती खुर्चीसुद्धा मुंबईहून आलेल्या नेमणुकीची होती. पनवेलच्या मतदाराने त्यांना आमदार केले होते, सिडकोचा अध्यक्ष नव्हे.

महानगरपालिकेचा मामला वेगळा. नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ रोजी आणि पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली. पनवेलच्या जुन्या नगरपालिकेसोबत खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा मिळून २९ गावे तिच्यात गेली. करंजाडे आणि उलवे बाहेर राहिले. त्यामुळे खारघरवाल्याला नगरसेवक आणि करंजाडेवाल्याला ग्रामपंचायत सदस्य. गावाभोवती सात-सात मजली इमारती उभ्या राहिल्या, तरी कारभार पंचायतीचा. त्यातही पाणी, रस्ते, गटार या नव्या वसाहतीच्या गोष्टी सिडकोकडे. पाणी आले नाही म्हणून लोक चिडून सरपंचाकडे जातात, सरपंच सिडकोकडे बोट दाखवतो आणि सिडकोतला माणूस म्हणतो, अर्ज द्या. एवढ्यात टँकर येतो, तो पैसे मागतो!

महापालिकेत गेलेल्यांनी तरी फार सुख भोगले असे समजू नका. २०२१ मध्ये पनवेल महापालिकेने मालमत्ता कराची बिले काढली तीही २०१६ पासूनची. लोक म्हणाले, त्या काळात आम्ही सिडकोला सेवाशुल्क भरत होतो, मग दोन कॉर्पोरेशनांना दोनदा का भरायचे? प्रकरण हायकोर्टापर्यंत गेले. फरक इतकाच की महापालिकेविरुद्धचा हा राग मतपेटीत टाकता येतो, सिडकोविरुद्धचा तसा टाकता येत नाही.

आणि तिसरा देह विमानतळाच्या कंपनीचा. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमाने उडू लागली. या कंपनीत अदानी समूहाचे ७४ टक्के आणि सिडकोचे २६ टक्के भाग आहेत. म्हणजे एका कॉर्पोरेशनचे भाग दुसऱ्या कॉर्पोरेशनने घेतलेले. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे, वाघिवली, वरचे ओवळे अशा गावठाणांतली घरे उठली, आणि त्यांतली काही माणसे वडघर-करंजाड्याच्या बाजूला पुनर्वसनाच्या प्लॉटवर आली. त्यांच्यासाठी २०१४ मध्ये साडेबावीस टक्के विकसित जमिनीचे पॅकेज ठरले. पण भागधारकांच्या सभेत त्यांना जागा नाही. ती सभा भागांच्या हिशेबाने चालते, घरांच्या नव्हे.

माणूस नव्हे, धंदा बसतो

आता कॉर्पोरेटिझमकडे वळू. आपण आमदार निवडतो तो भागाप्रमाणे: पनवेलचा, उरणचा, पेणचा. त्या भागातला शेतकरी, मास्तर, दुकानदार, हमाल सगळ्यांचा मिळून एक. कॉर्पोरेटिझमचे म्हणणे असे की माणसाचे खरे हित तो राहतो कुठे यावर ठरत नाही, तो करतो काय यावर ठरते. तेव्हा बसवायचेच तर शेतकऱ्यांचे इतके, मालकांचे इतके, कामगारांचे इतके असे धंदेवार बसवा आणि सरकारला मध्ये ठेवून त्यांनी आपसात ठरवावे. समाज हा एक देह आणि धंदे हे त्याचे अवयव, अशी ही कल्पना. इथे ‘कॉर्पोरेशन’ शब्द आला तो त्या देहावरून, कंपनीवरून नव्हे. सगळा घोटाळा इथेच होतो.

या कल्पनेची बदनामी केली इटलीच्या मुसोलिनीने. त्याने १९३४ मध्ये २२ ‘कॉर्पोरेशने’ काढली. त्या कंपन्या नव्हत्या. धान्याचे एक, फळे-भाज्यांचे एक, द्राक्षे आणि दारूचे एक, तेलाचे एक, कापडाचे एक अशी ती उत्पादनवार मंडळे होती. कागदावर मालक आणि कामगार समसमान होते. प्रत्यक्षात संप करायला बंदी, कामगारांच्या स्वतंत्र संघटना मोडलेल्या आणि कामगारांचा प्रतिनिधी म्हणून बसणारा माणूस फॅसिस्ट पक्षाचा. १९३९ मध्ये तर निवडलेले लोकसभागृहच काढून त्याजागी या मंडळांचे सभागृह आणले. फॅसिझम म्हणजे सरकार आणि कंपन्या यांची युती, अशा अर्थाचे एक वाक्य मुसोलिनीच्या तोंडी घालून जगभर फिरवले जाते. त्याने ते कुठे म्हटले हे कुणाला दाखवता आलेले नाही. पण त्या वाक्यामुळेच कॉर्पोरेटिझम म्हणजे कंपन्यांचे राज्य ही समजूत पक्की झाली.

दुसरीकडे स्वीडनमध्ये १९३८ साली मालकांच्या आणि कामगारांच्या शिखर संघटनांनी करार केला आणि मजुरी, वाद, संप यांचे नियम आपसात ठरवून टाकले. तिथे संघटना स्वतंत्र होत्या, संसद शाबूत होती. ही त्याच रीतीची लोकशाही आवृत्ती. आयर्लंडने १९३७ च्या घटनेत वरिष्ठ सभागृहाच्या ६० पैकी ४३ जागा पाच धंदेवार गटांना दिल्या. त्यांत शेतीचा एक गट आहे, मजुरांचा एक. प्रत्यक्षात मत देणारे बहुतेक राजकारणीच, त्यामुळे शेतीच्या जागेवर शेतकरीच येतो असे काही नाही. कागदावरची खुर्ची आणि खुर्चीवरचा माणूस यांच्यातले हे अंतर आपल्याकडेही भेटते.

आपल्याकडे कुठे?

परका शब्द असला तरी ही रीत आपल्याला परकी नाही. जुन्या काळी गावचा तंटा गोतसभेपुढे जाई. पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार बसत, निकालाचा महजर लिहीत आणि त्यावर ज्याची त्याची निशाणी होई. पाटलाचा नांगर, बाकीच्यांचे ज्याच्या त्याच्या धंद्याचे हत्यार. सही माणसाची नव्हती, धंद्याची होती. मात्र त्या सभेचे गोडवे गाताना एक विसरू नका. महाराची निशाणी महजरावर लागे, पण त्याला बसायला जागा लांब. बायकांना बहुधा तीही नाही. अवयव ठरवणाराच कुठला अवयव वरचा आणि कुठला खालचा हेही ठरवतो. या रीतीतला हा जुनाच दोष आहे.

आजच्या कायद्यात बघा. तुमची बाजार समिती १९६३ च्या कायद्याने चालते. त्यातली नेहमीची रचना १८ संचालकांची: ११ सेवा सोसायट्यांकडून, ४ ग्रामपंचायतींकडून, २ व्यापारी-अडत्यांचे आणि १ हमाल-मापाड्यांचा. हा अगदी चोख धंदेवार कारभार झाला. हमालाला विधानसभेत कुणी विचारत नाही, पण बाजार समितीत त्याची एक खुर्ची कायद्याने ठरलेली. उलट शेतकऱ्याच्या नावे १५ खुर्च्या, पण त्यांना मत देतात सोसायटीचे संचालक आणि पंचायतीचे सदस्य. थेट शेतकऱ्याला मत द्यावे की नाही यावर सरकारे येता-जाता नियम बदलत आली. २०१७ मध्ये दिले, २०२० मध्ये काढले. खुर्ची तुमच्या नावाची, पण बसवणारा दुसरा.

याहून सरस उदाहरण माथाडीचे. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्याखालच्या मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारखे, सरकारचे एकतृतीयांशाहून जास्त नाहीत. मालक मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरतो, मंडळ हमालाला पगार देते, भविष्य निर्वाह निधी आणि औषधपाणी बघते. वाशीच्या बाजारात पाठीवर पोते घेणारा माणूस पेन्शनीचा विचार करू शकतो, तो या व्यवस्थेमुळे. खोट्या टोळ्या आणि नावापुरते माथाडी हे रोगही तिला लागले, पण रचनेत दम आहे. विधान परिषदेतही शिक्षकांच्या ७ जागा याच धाटणीच्या. आपल्या कोकण शिक्षक मतदारसंघात मास्तरांना जादा मत आहे, शेतमजुराला नाही. का नाही, हे विचारायला हरकत नसावी.

बंदरातल्या दोन खुर्च्या

आता उरणला चला, म्हणजे हा फरक एकाच ठिकाणी दिसेल. न्हावा-शेवा बंदर मे १९८९ मध्ये सुरू झाले. त्याचा कारभार १९६३ च्या महाबंदर कायद्याप्रमाणे विश्वस्त मंडळाकडे होता. त्या कायद्यात धंदेवार खुर्च्या होत्या: जहाजमालकांच्या, माल पाठवणाऱ्यांच्या आणि बंदरातल्या कामगारांच्या किमान दोन. कामगारांची नावे ठरवताना सरकारने संघटनांशी बोलायचे, असाही नियम. पुढे २०२१ मध्ये नवा कायदा आला, ट्रस्टचे प्राधिकरण झाले, तरी कामगारांच्या दोन खुर्च्या त्यातही राहिल्या.

ज्यांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर बंदर उभे राहिले, त्यांना मात्र ‘जमीन गेलेले’ म्हणून एकही खुर्ची नव्हती. त्यांच्यातली पोरे बंदरात नोकरीला लागली, युनियनमध्ये गेली आणि कामगार ट्रस्टी या नात्याने स्थानिक माणूस मंडळाच्या बैठकीत जाऊन बसला. बापाला जमीनदार म्हणून जे दार उघडले नाही, ते मुलाला कामगार म्हणून उघडले. कॉर्पोरेशन कशाला म्हणतात आणि कॉर्पोरेटिझम कशाला, हे पुस्तकापेक्षा इथे लवकर कळते. सिडकोच्या मंडळावर अशी खुर्ची कधीच ठेवली गेली नाही. प्रकल्पग्रस्तांचे प्रतिनिधी म्हणून कायद्याने दोन माणसे तिथे बसली असती, तर पुढचा इतिहास थोडा तरी वेगळा झाला असता, असे या लेखकाला वाटते.

साडेबारा आणि पावणेनऊ

खुर्ची नव्हती म्हणून रस्त्यावर यावे लागले. शेकापचे नेते दि. बा. पाटील यांच्या पाठीमागे उरण-पनवेलची गावेच्या गावे उभी राहिली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासईच्या दास्तान फाट्यावर आणि पागोट्याला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर बोलणी झाली, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले, आणि १९९० व १९९४ च्या शासन निर्णयांनी त्याची योजना झाली. करंजाड्याच्या वसाहतीतल्या कितीतरी इमारती या साडेबाराच्याच भूखंडांवर उभ्या आहेत.

त्यातही मेख होती. साडेबारातले पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापून घेतले, हाती आले पावणेनऊ. शंभर गुंठे गेले तर पावणेनऊ गुंठे परत. लोक साडेबाराच म्हणत राहिले. ही वजावट ठरवताना टेबलाच्या पलीकडच्या बाजूला शेतकऱ्याच्या नावाची पाटी नव्हती.

बघा, ही बोलणी कोणी कोणाशी केली? एका बाजूला सरकार आणि त्याची कंपनी, दुसऱ्या बाजूला कृती समिती. कृती समिती ना पंचायत, ना कंपनी, ना सोसायटी. तिला ताकद गर्दीची होती, कायद्याची नव्हती. त्यामुळे आंदोलन पेटले की चर्चेला बोलावणे, विझले की फाईल खाली. २०२१ मध्ये विमानतळाला दिबांचे नाव द्या म्हणून २४ जूनला हजारो माणसे सिडकोवर धडकली, तीही याच अनुभवातून.

पण खुर्च्या दिल्या की सगळे भागले असेही समजू नका. प्रकल्पग्रस्तांना खुर्ची दिली तर खाडीत जाळी टाकणाऱ्या कोळ्याला कोणती? त्याच्या नावे सातबारा नव्हता, पाणी होते, आणि पाण्याचे संपादन कुठल्याही कागदावर होत नाही. मिठागरात राबणाऱ्या मजुराचे काय? आणि करंजाड्यात आज भाड्याच्या खोलीत राहणारा, पहाटेची पनवेल लोकल पकडणारा जो माणूस आहे, तो कोणत्या गटात मोडतो? त्याचा धंदा मुंबईत, मत गावाकडे, आणि पाण्याची बादली इथे. धंदेवार मोजले तर तो कुठेच सापडत नाही. त्याला हवा भागवार प्रतिनिधी, मग तो सरपंच म्हणा की नगरसेवक. म्हणून बाजार, बंदर, हमाली अशा ठिकाणी धंदेवार खुर्च्या जमतात, पण नळ, दिवा, गटार इथे त्या कामाच्या नाहीत.

करंजाडे उद्या पनवेल महापालिकेत जावे की वेगळे राहावे, ही चर्चा चहाच्या टपरीवर चालू असते. गेले तर सरपंच जाईल, नगरसेवक येईल, घरपट्टीचा दर बदलेल. सिडकोकडे असलेले न विकलेले भूखंड मात्र सिडकोकडेच राहतील, आणि विमानतळाच्या कंपनीतले २६ टक्केही. तेव्हा ठराव करताना ग्रामसभेने कोणता देह कशाचा मालक राहणार, याची यादी आधी मागावी. तोवर करंजाड्याच्या वसाहतीतल्या पाण्याचा अर्ज सिडकोच्याच नावे लिहावा लागेल. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या आवक रजिस्टरला चढवा आणि दोन्हीकडची पोच, तारखेसह शिक्का मारून घ्या.